पेशीतली घंटागाडी आणि पक्षाघात

‘अंगावरून वारं गेलं’ असं आपल्याकडे म्हणतात. शेतात गेलेला माणूस डवरणं सोडून मटकन खाली बसतो, तोंड वाकडं होतं, उजवा हात उचलत नाही. मग कुणी तेल चोळायला घेतं, कुणी पारव्याचं रक्त शोधायला धावतं, तर कुणी म्हणतं, ‘रातभर झोपू द्या, सकाळी पाहू.’ पण वारं कुठूनच गेलेलं नसतं. मेंदूतली एखादी रक्तवाहिनी गुठळीने बंद पडलेली असते किंवा फुटलेली असते. त्या ‘रातभर’मध्ये मेंदूच्या पेशींत काय घडतं, ते आज पाहू.

हा शहरातल्या सुखवस्तू लोकांचा आजार आहे, असं समजू नका. विदर्भातल्याच गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ संस्थेच्या संशोधकांनी २०११ ते २०१३ या दोन वर्षांत ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणं तपासली. शंभरातले सुमारे १४ मृत्यू पक्षाघाताने झाले होते. दुसऱ्या कोणत्याही एका कारणाने इतके मृत्यू झाले नव्हते. आणि पक्षाघाताने गेलेल्यांपैकी ८७ टक्के लोक घरीच गेले.

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम दोन टक्के, पण प्राणवायू लागतो २० टक्के. साठवण जवळजवळ नाही. रक्त थांबलं की मधल्या भागातल्या पेशी काही मिनिटांत मरतात. त्यांच्याभोवतीच्या पट्ट्याला मात्र शेजारच्या वाहिन्यांतून थोडंथोडं रक्त मिळत राहतं. पाटाच्या शेवटच्या वाफ्यातलं पीक जसं, तशी त्यांची स्थिती असते. पानं माना टाकतात, पण मूळ जिवंत असतं. सगळी लढाई असते ती या पट्ट्यासाठी.

आता पेशीच्या आत डोकावू. प्रत्येक पेशीत रोज कचरा होतो. वाकडीतिकडी झालेली प्रथिनं असतात, ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकाँड्रियांपैकी काही निकामी होतात. त्वचेची पेशी दुभंगते, तेव्हा कचराही वाटला जातो. मेंदूची पेशी सहसा दुभंगत नाही. तिला जन्मभर स्वतःचं घर स्वतःच झाडावं लागतं.

त्यासाठी दोन व्यवस्था आहेत. पहिलीत खराब प्रथिनावर खुणेची चिठ्ठी लागते आणि एक यंत्र त्याचे तुकडे करतं. या शोधाला २००४ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. दुसरी व्यवस्था घंटागाडीसारखी. पातळ पडद्याची पिशवी कचरा गुंडाळून घेते आणि ‘लायसोसोम’ नावाच्या आम्लयुक्त कोठीत नेऊन रिकामी करते. तिथे कचरा विरघळतो आणि कच्चा माल परत मिळतो, उकिरड्यातून शेणखत मिळावं तसा. क्रिस्तियाँ द दुव्ह यांनी १९५५ मध्ये या कोठ्या दाखवल्या आणि १९६३ मध्ये या क्रियेला ‘ऑटोफॅजी’, म्हणजे स्वभक्षण, हे नाव दिलं. तिच्यामागची जनुकं जपानच्या योशिनोरी ओसुमी यांनी यीस्टमध्ये शोधली. त्यांना २०१६ चं नोबेल मिळालं.

पक्षाघातात नेमकं इथेच पाणी मुरतं. कचरा वाढतो, पण तो उचलायला लागणारी ऊर्जा संपत आलेली असते. चिठ्ठीवालं यंत्र मंदावतं, प्रथिनांचे गोळे साचतात. मग पेशी घंटागाडीवर भर देते. सुरुवातीला याचा उपयोग होतो. निकामी मायटोकाँड्रिया दूर होतात, उपाशी पेशीला थोडं इंधन मिळतं. चुलीत पऱ्हाटी घालावी तसं हे. पण पऱ्हाटी संपली म्हणून कुणी घराचे वासे काढून जाळू लागलं, तर? स्वभक्षण बेताबाहेर गेलं की पेशीच पोखरली जाते. शिवाय कोठीतलं आम्ल टिकवायलाही ऊर्जा लागते. ती नसली की पिशव्या दारात तुंबतात. कोठीचा पडदा फाटला, तर आतले पाचकरस बाहेर येऊन पेशीलाच पचवू लागतात.

म्हणूनच उंदरांवरच्या प्रयोगांचे निष्कर्ष परस्परविरोधी दिसतात. काहींत ही क्रिया रोखल्यावर मेंदूचं नुकसान कमी झालं, तर काहींत वाढवल्यावर. आघात किती मोठा, औषध रक्त थांबलेलं असताना दिलं की सुरू झाल्यावर, यावर उत्तर बदलतं. आणखी एक अडचण अशी की पेशीत पिशव्या जास्त दिसल्या, म्हणजे सफाई जोरात आहे असं नाही. डेपोसमोर गाड्यांची रांग लागते, ती कधी उचल वाढल्यामुळे, तर कधी डेपोचं फाटक बंद असल्यामुळे.

ही सफाई सुधारून पक्षाघात बरा करणारं कोणतंही मान्यताप्राप्त औषध आज नाही. ‘उपवासाने पेशी स्वच्छ होतात’ असं ऐकून लकव्याच्या रुग्णाला उपाशी ठेवणारे भेटले, तर त्यांचं ऐकू नका.

मग हे सगळं कळून आपला काय फायदा? एवढाच, की त्या पट्ट्यातल्या पेशी लगेच मरत नाहीत. त्या काही काळ तग धरून वाट पाहतात. मोठी वाहिनी बंद पडली आणि उपचार झाले नाहीत, तर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी जातात, असा २००६ मधला एक अंदाज आहे. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे लक्षणं दिसल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. गुठळी नळीने काढण्याची सोय मोठ्या केंद्रांत असते आणि निवडक रुग्णांत ती २४ तासांपर्यंत करता येते. पण आधी सीटी स्कॅन हवा. वाहिनी फुटली की तुंबली, हे डोळ्यांनी कळत नाही. त्यामुळे घरची कोणतीही गोळी देऊ नका.

उमरखेड किंवा झरी-जामणीच्या एखाद्या गावातून यवतमाळला पोहोचायलाच दोन-तीन तास जातात. साडेचारातून ते वजा करा. उरतो तो वेळ तेल चोळण्यात घालवायचा नाही. तोंड वाकडं झालं, हात गळाला, बोबडी वळली, यांतलं एक जरी दिसलं तरी घड्याळ पाहा, वेळ लिहून ठेवा आणि १०८ ला फोन करा. सीटी स्कॅनची सोय कुठल्या रुग्णालयात आहे, हे आजच विचारून ठेवा. आणि ती वेळच येऊ नये म्हणून रक्तदाब तपासा, त्याच्या गोळ्या मनानेच बंद करू नका, बिडी आणि खर्रा सोडा.

पेशी आपल्या परीने घर झाडत, तग धरून बसलेली असते. तिच्यापर्यंत वेळेत रक्त पोहोचवणं मात्र आपल्या हातात आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)