अमेरिकेतली सहा दुकानं: बघायला जा, पण दुकानदाराच्या डोळ्यांनी



आपल्यापैकी अनेकांची मुलं, भाऊ-बहिणी, पुतणे-भाचे अमेरिकेत आहेत. कधी ना कधी तिकडे जाणं होतं. मग नायगारा होतो, स्वातंत्र्यदेवीचा पुतळा होतो, मॉलमध्ये फिरून बॅगा भरल्या जातात. या सगळ्याला माझी ना नाही. पण ज्याला स्वतःचा धंदा काढायचा आहे, किंवा ज्याने नुकताच काढलाय, त्याने त्या ट्रिपमधले दोन-तीन दिवस वेगळ्या कामासाठी राखून ठेवावेत. दुकानं बघण्यासाठी. खरेदीसाठी नाही हं, बघण्यासाठी!

खाली सहा ठिकाणं दिली आहेत. सगळी खरीखुरी, आजही चालू असलेली. यातलं एकही ठिकाण मोठ्या भांडवलावर सुरू झालेलं नाही. कुणी उसने पैसे घेतले, कुणी हातगाडी लावली, कुणी माशा मारत बसला होता. तुमचं अमेरिकेला जाणं होवो न होवो, यांची गोष्ट तुमच्या कामाची आहे. कारण तुमच्यासमोर आज जो प्रश्न आहे, "माझ्याकडे गिऱ्हाईक का येईल?", तोच प्रश्न यांच्यासमोरही होता.

१. पाइक प्लेस मार्केट, सिअ‍ॅटल

१९०७ साल. सिअ‍ॅटलमध्ये वर्षभरात कांद्याचे भाव दहापट झाले होते. शेतकऱ्याच्या हातात काही पडत नव्हतं, गिऱ्हाईक महागाईने वैतागलेलं, आणि मलई मधले दलाल खात होते. ओळखीची वाटते ना गोष्ट? नगरपरिषदेचे सदस्य थॉमस रेव्हेल यांनी मार्ग सुचवला: शेतकऱ्याने शहरात गाडी आणावी आणि थेट विकावं. १७ ऑगस्ट १९०७ ला मोजक्या शेतकऱ्यांच्या गाड्या लागल्या, आणि गर्दी एवढी उसळली की माल हातोहात संपला.

आजही शेतकरी तिथे दिवसाच्या भाड्याने टेबल घेऊन बसतात. नियम साधा आहे: जे पिकवलं तेच विकायचं, आणि कारागिराने जे स्वतः बनवलं तेच मांडायचं. १९६० च्या दशकात हे मार्केट पाडून तिथे मोठ्या इमारती उभ्या करायचा घाट घातला गेला. व्हिक्टर स्टाइनब्रुक नावाच्या वास्तुविशारदाने लोकांना सोबत घेऊन मोहीम चालवली, आणि १९७१ मध्ये शहरातल्या लोकांनी मतदान करून मार्केट वाचवलं. विचार करा, तुमचं दुकान उद्या बंद पडायला आलं तर कोण धावून येईल? ज्याचा माल कुठेही मिळतो, त्याच्यासाठी कुणी धावत नाही.

इथलं मासळीचं एक दुकान जगप्रसिद्ध आहे. गिऱ्हाईकाने मासा निवडला की बाहेरचा माणूस तो थेट गल्ल्याकडे फेकतो आणि आतला झेलतो. सुरुवात कशी झाली? मासे पुढे मांडलेले आणि वजनकाटा मागे. प्रत्येक माशासाठी चालत जायचा कंटाळा आला म्हणून फेकायला लागले! श्रम वाचवायची युक्ती होती, ती बघायला आता लोक लांबून येतात. तुमच्या कामातही असं काहीतरी असतं जे तुम्हाला रोजचं वाटतं आणि गिऱ्हाईकाला बघायला आवडेल. ते पडद्यामागे ठेवू नका.

२. वॉल ड्रग, साउथ डकोटा

हे माझं सगळ्यात आवडतं उदाहरण. टेड हस्टेड हे औषधविक्रेते. वडिलांकडून वारशाने ३,००० डॉलर मिळाले. त्यातून डिसेंबर १९३१ मध्ये त्यांनी वॉल नावाच्या खेड्यातलं औषधांचं दुकान घेतलं. गावची वस्ती ३२६. वर महामंदी आणि दुष्काळ. नवरा-बायकोने ठरवलं, पाच वर्षं देऊ. नाही चाललं तर गाशा गुंडाळू.

पाच वर्षं संपत आली, १९३६ चा जुलै उजाडला, तरी धंदा नाही. एका रविवारी दुपारी पत्नी डोरोथी मुलांना घेऊन घरी आडव्या झाल्या. पण हायवेवरून जाणाऱ्या गाड्यांच्या आवाजाने झोप लागेना. तिथेच त्यांच्या लक्षात आलं: गिऱ्हाईक तर समोरून जातंय! उन्हात, धुळीत, तासन्‌तास प्रवास करून ही माणसं काय मागत असतील? थंड पाणी. आपल्याकडे बर्फ आहे, पाणी आहे. फुकट देऊ, आणि हायवेवर तशा पाट्या लावू.

टेडना हे जरा खुळचट वाटलं, तरी त्यांनी पाट्या रंगवून लावल्या. पाट्या लावून परत येईपर्यंत दुकानात माणसं आलेली होती! कुणी पाणी पिऊन आइस्क्रीम घेतलं, कुणी कोन हातात धरून निघालं. पुढच्या उन्हाळ्यात मदतीला आठ मुली कामाला ठेवाव्या लागल्या. आज ते दुकान ७६,००० चौरस फुटांचं आहे. थंड पाणी अजून फुकट मिळतं आणि कॉफी ५ सेंटला. बॅडलँड्स नॅशनल पार्क बघायला गेलात तर जवळच आहे. शोधावं लागणार नाही, पाट्याच घेऊन जातील.

आता नीट ऐका. हे वाचून "आपणही काहीतरी फुकट देऊ" असं ठरवू नका. पाण्याचा खर्च जवळजवळ शून्य होता आणि गिऱ्हाईकाची गरज मोठी होती. या दोन गोष्टी एकत्र असतील तरच फुकट देणं परवडतं. नाहीतर डिस्काउंट देता देता दुकान बसतं.

३. अनक्लेम्ड बॅगेज, स्कॉट्सबरो, अलाबामा

विमान प्रवासात हरवलेल्या बॅगांचं शेवटी काय होतं? विमान कंपन्या मालकाला शोधतात, बॅग बहुतेक वेळा परत मिळते. पण महिनोन्‌महिने शोधूनही मालक सापडला नाही, तर प्रवाशाला भरपाई दिली जाते आणि बॅग उरते. अशा बॅगा विकत घेऊन त्यातला माल विकणारं हे दुकान आहे.

डॉईल ओवेन्स हे विम्याचं काम करायचे. वॉशिंग्टनमधल्या एका बस कंपनीकडे बेवारस सामान पडून असतं, असं त्यांना मित्राकडून कळलं. १९७० मध्ये त्यांनी ३०० डॉलर उसने घेतले, एक पिकअप ट्रक मागून आणला आणि सामान भरून गावी आले. भाड्याच्या जुन्या घरात घडीची टेबलं मांडली आणि विक्री सुरू केली. आज तिथे कपडे, कॅमेरे, दागिने, पुस्तकं असं सगळं मिळतं. विकण्याजोगं नसेल ते दान होतं किंवा रिसायकलिंगला जातं.

शिकायचं काय? दुसऱ्याची डोकेदुखी हा तुमचा कच्चा माल असू शकतो. तुमच्या एमआयडीसीत, तुमच्या बाजारपेठेत रोज काय टाकून दिलं जातं? कुठला माल जागा अडवून बसलाय? कुणाला "कोणीतरी हे घेऊन जा रे बाबा" असं वाटतंय? एक दिवस फक्त हेच विचारत फिरा.

४. एल. एल. बीन, फ्रीपोर्ट, मेन

१९१२ मध्ये लिऑन लिओनवुड बीन यांनी शिकाऱ्यांसाठी एक बूट बनवला. खाली रबर, वर चामडं, म्हणजे चिखलात पाय कोरडे राहतील. बाहेरच्या राज्यांतून मेनमध्ये शिकारीचा परवाना घेणाऱ्यांची यादी मिळवून त्यांनी टपालाने पत्रकं पाठवली. नेमकं गिऱ्हाईक कसं गाठायचं, ते बघा! पूर्ण समाधानाची हमीही दिली.

पहिले १०० जोड विकले. त्यातले ९० परत आले! रबर आणि चामड्याची शिवण उसवत होती. बीन यांनी प्रत्येकाचे पैसे परत केले, पुन्हा कर्ज काढलं, बूट सुधारला आणि परत विकायला काढला. त्या हमीवर पुढे एवढा मोठा व्यवसाय उभा राहिला. फ्रीपोर्टचं त्यांचं दुकान १९५१ पासून चोवीस तास उघडं असतं, रात्री दोन वाजताही.

पण गोष्टीचा दुसरा भागही सांगतो. अनेक दशकं ही हमी जवळपास आयुष्यभराची होती. काही लोकांनी त्याचा गैरफायदा घेतला. वर्षानुवर्षं वापरून झिजवलेल्या, अगदी जुन्या बाजारातून घेतलेल्या वस्तूही परत द्यायला येऊ लागल्या. शेवटी २०१८ मध्ये कंपनीने मुदत एक वर्षावर आणली आणि खरेदीचा पुरावा मागायला सुरुवात केली. म्हणून हमी जरूर द्या, पण किती दिवसांची, कशावर आणि कुठला पुरावा लागेल, हे पहिल्याच दिवशी बिलावर छापा. दिलेला शब्द नंतर मागे घेणं फार जड जातं.

५. झिंगरमन्स डेलिकेटेसन, अ‍ॅन आर्बर, मिशिगन

डेट्रॉइटजवळच्या या विद्यापीठाच्या गावात १९८२ च्या मार्चमध्ये पॉल सॅजिनॉ आणि अ‍ॅरी वाइन्झवाइग यांनी सँडविचचं छोटं दुकान काढलं. दोन मालक, दोन कामगार. दुकान गाजलं. मग साहजिकच सगळे म्हणायला लागले, शाखा काढा, फ्रँचायझी द्या!

त्यांनी वेगळं ठरवलं. झिंगरमन्स डेली एकच राहील, याच गावात. वाढायचं ते त्याच परिसरात नवे व्यवसाय काढून. सँडविचला चांगला ब्रेड लागतो, म्हणून १९९२ मध्ये बेकरी काढली. "तुमची माणसं इतकी छान कशी वागतात?" असं लोक विचारायचे, म्हणून १९९४ मध्ये ट्रेनिंगची कंपनी. पुढे टपालाने माल पाठवण्याचा व्यवसाय, चीज बनवण्याचा व्यवसाय, रेस्टॉरंट. धंद्याचा हिशोब कामगारांसमोर उघडा ठेवण्याची पद्धतही त्यांनी रुजवली.

वडापावची एक गाडी जरा चालली की आपल्याला लगेच दहा गाड्यांची स्वप्नं पडतात. त्याआधी हा प्रश्न विचारा: मी रोज बाहेरून जे विकत घेतो, त्यातलं काय मी स्वतः बनवून इतरांनाही विकू शकतो? वाढ अशीही होते.

६. पटेल ब्रदर्स, डेव्हन अ‍ॅव्हेन्यू, शिकागो

शेवटचं दुकान आपल्या माणसांचं. मफतभाई पटेल १९६८ मध्ये गुजरातमधून शिकायला अमेरिकेत गेले. तिथे तूरडाळ कुठे, मसाले कुठे, हिंग कुठे? ही अडचण त्यांच्या एकट्याची नव्हती, तिथल्या प्रत्येक भारतीय घराची होती. १९७४ मध्ये त्यांनी भाऊ तुलसीभाई यांच्यासोबत शिकागोच्या डेव्हन अ‍ॅव्हेन्यूवर किराणा दुकान सुरू केलं. आज अमेरिकेत त्यांची पन्नासहून अधिक दुकानं आहेत. तिकडच्या मराठी घरातली साबुदाण्याची खिचडी आणि पुरणपोळीही बऱ्याचदा अशाच दुकानांतल्या सामानावर होते.

डेव्हन अ‍ॅव्हेन्यूवर फिरताना एक गोष्ट बघा. साडीचं दुकान, मिठाईचं दुकान, दागिन्यांचं दुकान, सगळी शेजारी शेजारी. शेजारच्या दुकानाला येणारं गिऱ्हाईक तुमच्याही दारावरून जातं. स्पर्धक म्हणजे शत्रूच, हे डोक्यातून काढून टाका.

जाल तेव्हा काय बघाल?

कुठल्याही दुकानात शिरताना खिशात छोटी वही ठेवा आणि ही पाच उत्तरं लिहा.

१. दारातून आत गेल्यावर नजर पहिल्यांदा कशावर पडली?
२. पहिल्या दोन मिनिटांत तुमच्याशी कोण बोललं आणि काय बोललं?
३. काय फुकट मिळालं आणि त्यानंतर तुम्ही काय विकत घेतलं?
४. माल परत करायचा असेल तर नियम कुठे लिहिलाय?
५. हीच वस्तू दुसरीकडे मिळत असताना माणूस इथेच का येतो?

पाचव्या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात लिहिता आलं पाहिजे. पाइक प्लेससाठी: पिकवणारा समोर उभा असतो. वॉल ड्रगसाठी: दमलेल्या प्रवाशाला कुणीतरी पाणी विचारतं. झिंगरमन्ससाठी: असं दुकान दुसऱ्या गावात नाही.

आणि हो, यासाठी व्हिसाची वाट बघायची गरज नाही. या रविवारी तुमच्याच गावातलं सगळ्यात जुनं, सगळ्यात गर्दीचं दुकान निवडा. अर्धा तास समोर उभे राहा आणि हीच पाच उत्तरं लिहा. मग घरी येऊन पाचवा प्रश्न तुमच्या स्वतःच्या धंद्याला लावा. वाक्य लगेच सुचलं तर छानच. नाही सुचलं, तर दुकानाचं डिपॉझिट भरायच्या आधी, कर्जाच्या कागदावर सही करायच्या आधी त्या वाक्यावर बसा. कारण गिऱ्हाईक हा प्रश्न तुम्हाला तोंडावर विचारत नाही. तो मनातल्या मनात विचारतो, आणि उत्तर नाही मिळालं तर पुढच्या दुकानात जातो.

कामाला लागा मित्रांनो. शुभेच्छा!