कडबाकुट्टी दारात आली, पण पत्रा चेपलेला. सही करण्याआधी काय पाहायचं?

खरचटलेला रंग घरी दुरुस्त होतो, बिडाला गेलेला तडा होत नाही; वाहतुकीत खराब झालेल्या मशीनचं काय करावं याची माहिती

दिवाळीनंतर ज्वारी-मक्याची वैरण घरात यायला लागली की कडबाकुट्टीची खरेदी वाढते. पूर्वी तालुक्याच्या बाजारपेठेत दुकानात जाऊन मशीन चालवून पाहायचं आणि आपल्याच पिकअपमध्ये टाकून आणायचं, असा रिवाज होता. आता मोबाईलवर ऑर्डर होते, मशीन परजिल्ह्यातून नाहीतर परराज्यातून ट्रान्सपोर्टनं येतं. बिडाचं जड मशीन दोन-तीन गोडाऊनमध्ये चढतं-उतरतं. तेवढ्यात कुठं पोचा पडतो, कुठं रंग जातो, एखादा बोल्ट गळतो. मोठी मोडतोड असेल तर शेतकरी मशीन सरळ परत पाठवतो. अडचण होते ती छोट्या नुकसानीची. ठेवून घ्यावं की परत करावं, तेच कळत नाही.

चार गाई आणि दोन म्हशी असलेल्या एका शेतकऱ्याच्या घरी असंच झालं. दोन एचपीची कडबाकुट्टी संध्याकाळी दारात उतरली. खोक्याचा एक कोपरा फाटलेला आणि चारा टाकायच्या ताटाचा पत्रा चेपलेला होता. ड्रायव्हर घाईत. "काका, सही करा पटकन, पुढं अजून तीन गावं आहेत." शेतकऱ्यानं रागानं मशीन परत न्यायला सांगितलं. घरातून बायकोचा आवाज आला, "अहो, पत्राच चेपलाय ना? वैरण तशीच पडलीय, गुरं निम्मी तुडवून घालवतात." शेवटी मशीन ठेवून घेतलं. पण सही करताना त्यानं बिल्टीवर दोन ओळी लिहिल्या. पुढं त्याच दोन ओळी कामाला आल्या.

सहीच्या आधी पाच मिनिटं

बिल्टीवर नुसती सही म्हणजे माल चांगला मिळाला अशी पोच होते. म्हणून ड्रायव्हर कितीही घाई करो, खोक्याला चारी बाजूंनी फेरी मारायची. फाटलेला कोपरा, ओल, तुटलेली पट्टी, वाकलेली लाकडी चौकट दिसली की आधी फोटो काढायचा. खोकं गाडीत असतानाच एक फोटो घ्यावा, त्यात गाडीचा नंबर यावा. खोकं उघडताना मोबाईलवर सलग व्हिडिओ काढावा, मध्ये बंद करू नये.

त्यानंतर बिल्टीच्या दोन्ही प्रतींवर पेनानं लिहायचं: "खोके फाटलेले, ताटाचा पत्रा चेपलेला, आतील तपासणी बाकी." खाली तारीख, वेळ आणि सही. ड्रायव्हरचीही सही घ्यायची. तो देत नसेल तर तसं लिहून त्या कागदाचा फोटो काढायचा. उघडूच देत नसतील तर "खोके न उघडता ताब्यात घेतले" असं लिहावं. "तपासणी बाकी" हे शब्द महत्त्वाचे. वरचा पोचा लगेच दिसतो, आतला तडा दुसऱ्या दिवशी सापडतो.

खोकं, थर्माकोल, लाकडी पट्ट्या लगेच चुलीत घालू नयेत. परत पाठवायची वेळ आली तर तेच लागतं, आणि पॅकिंग कसं होतं याचा पुरावाही तोच असतो.

नुकसानीच्या तीन वाटण्या करा

मशीन उजेडात घेऊन, वीज न जोडता, सगळी नुकसानी कागदावर लिहून काढावी आणि तिच्या तीन वाटण्या कराव्यात.

पहिली वाटणी नुसती दिसण्याची. रंग खरचटला, स्टिकर फाटला, स्टँडला ओरखडा आला. यानं कुट्टीत काही फरक पडत नाही.

दुसरी वाटणी घरी किंवा गावातल्या मिस्त्रीकडं सुधारण्यासारखी. ताटाचा पत्रा चेपला, चाकावरचं संरक्षक झाकण वाकलं, नट-बोल्ट सैल झाले किंवा गळाले, पट्टा निघाला.

तिसरी वाटणी हात न लावण्याची. बिडाच्या भागाला तडा, वाकलेला शाफ्ट, तुटलेला गिअरचा दात, मोटरला बसलेला मार, कापलेली केबल, पाण्यात भिजलेली मोटर. यातलं एकही असेल तर मशीन चालू करायचं नाही. कंपनीकडून भाग किंवा मशीन बदलून घ्यायचं.

तडा कसा ओळखायचा?

कडबाकुट्टीचं मोठं चाक, बेअरिंगची बैठक आणि गिअरचं घर बहुतेक वेळा बिडाचं असतं. लोखंडी पत्रा मार लागला की वाकतो, बीड वाकत नाही, तडकतं. तडा केसाएवढा असला तर रंगाखाली दिसतही नाही.

त्यासाठी जुन्या मिस्त्रींची रीत सोपी आहे. चाकाला छोट्या हातोडीनं हलकं वाजवून पाहावं. चांगलं बीड घंटेसारखं टणटणतं. तडकलेलं भद्द वाजतं. शंका आली तर त्या जागी रॉकेल किंवा डिझेल लावावं, थोडा वेळ थांबून कापडानं कोरडं पुसावं आणि वरून खडू घासावा. तडा असेल तर आत मुरलेलं तेल खडूवर बारीक ओली रेघ काढतं. पाय जिथं बोल्टनं बसतात तिथं आणि बेअरिंगच्या बैठकीच्या कोपऱ्यांत हे आवर्जून करावं. उतरवताना मशीन आपटलं की दणका तिथंच बसतो.

चाकाला तडा निघाला तर "वेल्डिंग मारून घेऊ" असं कुणी म्हटलं तरी ऐकू नये. बिडाचं वेल्डिंग भरवशाचं नसतं. वेगानं फिरणाऱ्या चाकाचा तुकडा निघाला तर तो समोरच्या माणसाच्या अंगावर येतो. चाकालाच पाती बसवलेली असतात, हे विसरू नये.

मोटरसाठी शाफ्ट हातानं फिरवून पाहावा. मागच्या पंख्याचं झाकण चेपलं असेल तर खरखर आवाज येतो. मोटर भिजल्याची शंका असेल तर नुसती उन्हात वाळवून सुरू करू नये, वायरमनकडून मेगरनं तपासून घ्यावी.

छोटी दुरुस्ती, पण आधी विचारून

दुसऱ्या वाटणीतलं काम सोपं असलं तरी हातोडी उचलण्याआधी कंपनीला किंवा विक्रेत्याला फोटो पाठवून, "हे आम्ही इथं दुरुस्त केलं तर वॉरंटी राहील का?" असं मेसेजवर विचारावं. फोनवर "हो दादा, करून घ्या" म्हणणारा माणूस पुढच्या महिन्यात त्या नोकरीत असेलच असं नाही. लिहून आलेलं उत्तर जपून ठेवावं.

याच वेळी भावाचंही बोलून घ्यावं. छोट्या नुकसानीला पूर्ण मशीन बदलून देण्यापेक्षा विक्रेत्याला काही रक्कम परत देणं किंवा तेवढाच भाग कुरिअरनं पाठवणं परवडतं. नवीन ताट किंवा झाकण मागावं, नाहीतर दुरुस्तीचा खर्च मागावा. मागितल्याशिवाय कुणी देत नाही.

चेपलेला पत्रा सरळ करताना मागं लाकडी ठोकळा धरावा आणि लाकडी हातोडीनं कडेकडून मध्याकडं हलके ठोके द्यावेत. लोखंडी हातोडीनं एकदम जोरात मारलं की पत्रा ताणतो आणि पोचा दुसरीकडं जातो. झाकण सरळ केल्यावर ते चाकाला कुठंही घासत नाही ना, हे चाक हातानं फिरवून पाहावं. झाकण वाकलंय म्हणून ते काढून ठेवून मशीन चालवणं हा सगळ्यात वाईट उपाय आहे.

रंग गेलेल्या जागी गंज धरतो, म्हणून ते काम लवकर करावं. आधी पॉलिश पेपरनं घासावं, थिनरच्या कापडानं पुसावं, रेड ऑक्साइडचा एक हात द्यावा आणि तो पूर्ण वाळल्यावर ऑइल पेंटचे दोन हात द्यावेत. मात्र चारा जिथून सरकतो आणि कापला जातो त्या आतल्या बाजूला रंग मारू नये. तो चाऱ्याबरोबर घासून गुरांच्या पोटात जातो. तिथं खायच्या तेलाचा पातळ हात पुरतो.

पहिल्यांदा चालवताना

वीज जोडण्याआधी सगळे बोल्ट पान्यानं आवळून घ्यावेत, पात्यांचे सगळ्यात आधी. चाक हातानं सावकाश फिरवून पातं समोरच्या पट्टीला आदळत नाही ना, हे पाहावं. कागद धरला तर तो स्वच्छ कापला गेला पाहिजे. चुरगळला तर फट जास्त आहे. हे पाहताना बोटं पात्यापासून लांब आणि प्लग बाहेर असावा. दोन्ही पुल्या एका रेषेत आहेत का, हे दोरी ताणून बघावं. वाहतुकीत स्टँड थोडा जरी पिरगळला असेल तर दोरी एका पुलीला टेकत नाही. अशा वेळी पट्टा सारखा उतरतो किंवा लवकर झिजतो.

अर्थिंग जोडूनच मशीन सुरू करावं आणि पहिली दहा मिनिटं रिकामं चालवावं. थरथर, खडखड किंवा जळका वास आला की बंद. त्यानंतर थोडा थोडा चारा घालावा. सैल बाह्या, पदर, ओढणी, बांगड्या आणि लहान मुलं मशीनपासून लांब असावीत. अडकलेला चारा मशीन पूर्ण थांबल्याशिवाय काढू नये.

कंपनी ऐकत नसेल तर

"वाहतुकीतलं नुकसान वॉरंटीत येत नाही," हे ठरलेलं उत्तर असतं. वॉरंटी वेगळी आणि खराब माल पोहोचवणं वेगळं, हे शेतकऱ्यानं लक्षात ठेवावं. ऑनलाइन विक्रीसाठी 2020 मध्ये केंद्रानं नियम केले आहेत. माल सदोष निघाला तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही. तक्रार निवारण अधिकाऱ्यानं तक्रारीची पोच 48 तासांत द्यायची आणि महिनाभरात तिचा निकाल लावायचा असतो. म्हणून तक्रार फोनवर न ठेवता ॲपमध्ये किंवा ईमेलवर करून तिचा नंबर घ्यावा.

तरी दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबर आहे. तिथं मराठीतही तक्रार सांगता येते. त्यापुढं जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या कायद्यानुसार ग्राहक जिथं राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीच्या गावी जावं लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. मुदत दोन वर्षांची आहे. "तुम्ही धंद्यासाठी घेतलं, तुम्ही ग्राहकच नाही," असं कुणी म्हटलं तर घाबरू नये. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः वापरायला घेतलेली वस्तू कायद्यानं ग्राहकाचीच धरली जाते. शेतकरी हा ग्राहक आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं बियाण्यांच्या प्रकरणात 2012 मध्ये सांगितलेलं आहे.

मशीन थेट कारखान्याकडून ट्रान्सपोर्टनं मागवलं असेल तर आणखी एक गोष्ट. जास्त किंमत जाहीर करून जादा दर भरला नसेल, तर ट्रान्सपोर्ट कंपनीची जबाबदारी साधारण भाड्याच्या दहा पटीपर्यंतच असते. भाडं 600 रुपये असेल तर भरपाई 6,000 रुपयांवर अडते. दावा करायचा तर बुकिंगच्या तारखेपासून 180 दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. त्यामुळं पैसे भरण्याआधीच "माल आमच्या दारात चांगला पोहोचेपर्यंत जबाबदारी तुमची" असं विक्रेत्याकडून लिहून घेतलेलं बरं.

अनुदानातून मशीन घेतलेल्यांनी बदली मशीन घेताना बिल पाहावं. बिलावरचा आणि मशीनच्या पट्टीवरचा नंबर जुळला पाहिजे, नाहीतर तपासणीच्या वेळी अडचण येते. नंबर बदलला तर बिलही बदलून घ्यावं.

त्या दोन ओळींचं काय झालं?

त्या शेतकऱ्याच्या घरी दुसऱ्या दिवशी सकाळी गावातला मिस्त्री पत्रा सरळ करायला आला. हातोडी वाजवता वाजवता बेअरिंगच्या बैठकीपाशी आवाज बदलला. खडू घासल्यावर पायाच्या बोल्टपासून बोटभर लांब ओली रेघ उमटली. ज्या पत्र्यावरून भांडण झालं होतं तो राहिला बाजूलाच. घरच्यांनी त्या सकाळी मशीन सुरू करायचं ठरवलं होतं.

कंपनीनं आधी "उतरवताना तुमच्याकडूनच पडलं असेल" असं सांगितलं. मग बिल्टीचा फोटो गेला. त्यावर ड्रायव्हरच्या सहीसकट "खोके फाटलेले, आतील तपासणी बाकी" असं लिहिलेलं होतं. सातव्या दिवशी नवी बैठक कुरिअरनं आली, मिस्त्रीची मजुरीही कंपनीनं दिली. तोवर घरच्यांनी वैरण कोयत्यानं तोडून घातली.

आता कुट्टी रोज सकाळ-संध्याकाळ चालते. ताटाचा पोचा मात्र तसाच आहे. मिस्त्री म्हणाला होता काढून देतो, शेतकरीच म्हणाला, राहू दे, चारा काही अडत नाही.