शिरेतले लोहकण

चुंबकाकडे ओढ घेणारे लोहकण माणसाच्या शिरेत सोडतात, हे ऐकून कोणीही दचकेल. पण हे कण केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्शाहूनही लहान असतात. ‘फेरुमॉक्सिटॉल’ या अशा औषधास अमेरिकेत २००९ साली मूत्रपिंडाच्या रोग्यांतील रक्तक्षयावर मान्यता मिळाली. यकृत-प्लीहेतील पेशी हे कण गिळतात आणि त्यांतले लोह नव्या रक्ताच्या कामी येते. भीती आहे ती निराळीच. क्वचित एखाद्यास त्याचे तीव्र वावडे उद्भवते. काही रोगी दगावलेही. म्हणून २०१५ साली तेथील शासनाने ठळक इशारा छापावयास लावला : पूर्वी झटकन टोचीत, ते निदान १५ मिनिटे सावकाश द्यावे आणि पुढे अर्धा तास रोग्यावर नजर ठेवावी. शिवाय एम.आर.आय.च्या चित्रात ह्या कणांचा परिणाम तीन महिनेपर्यंत राहू शकतो. चित्र काढणाऱ्यास तो आधी सांगितलेला बरा.