काठ कोणाचा, झाडं कोणाची
जमिनीचे कागद : भाग ९

मागच्या भागात वारसनोंदीपर्यंत आलो होतो. फेरफार मंजूर झाला, बहिणींची नावं सातबाऱ्यावर चढली आणि आता घरात विषय निघतो विकण्याचा. जव्हार तालुक्यात पिंजाळ नदीच्या बाजूला अशाच एका वारली कुटुंबाच्या ओटीवर बसून मी त्यांचा उतारा वाचत होतो. थोरल्या भावाने हात लांब करून दाखवलं, "त्या ऐनापासून खाली पाण्यापर्यंत सगळं आमचं." कागद मात्र तसं म्हणत नव्हता.

दलाल 'रिव्हर टच' म्हणून भाव लावतो तो पाण्याचा. पण महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २० प्रमाणे नदी-नाल्याचं पात्र सरकारचं. काठ दर पावसाळ्यात सरकतो, म्हणून जुन्या नकाशावर विसंबू नका. आधी मोजणी करून घ्या.

साग, खैर, ऐन वाडवडिलांनी राखलेले असले तरी तोडीला परवानगी लागते. आदिवासी खातेदाराच्या झाडांच्या विक्रीसाठी तर १९६९ चा स्वतंत्र कायदा आहे. झाडांचा सौदा जमिनीच्या तोंडी व्यवहारात उरकू नये.

त्याहून मोठी अडचण 'इतर हक्क' या रकान्यात असते. खाजगी वने संपादन कायदा ३० ऑगस्ट १९७५ रोजी लागू झाला आणि त्या दिवशी खाजगी वनं सरकारकडे गेली. ज्या वरकस माळावर आजोबा राब भाजून नाचणी, वरी घेत, तिथेही 'खाजगी वन' अशी नोंद निघू शकते. ती दिसली म्हणून लगेच हाय खाऊ नका. गोदरेज प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली म्हटलं की कधीकाळी नुसती नोटीस काढली होती, एवढ्यावर जमीन खाजगी वन ठरत नाही. म्हणून नोटिशीची नक्कल मागा, ती घरी बजावली गेली होती का आणि पुढे चौकशी झाली का, ते पाहा. एकूण धारणा १२ हेक्टरांच्या आत असेल तर खाजगी वने कायद्याच्या कलम २२अ चीही चौकशी करा. वनहक्क कायद्याखाली मिळालेला वनपट्टा मात्र वारसाला जातो, विकता येत नाही.

आता मुख्य गोष्ट. जव्हार आणि मोखाडा हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला द्यायची तर महसूल संहितेचं कलम ३६अ आडवं येतं. विक्रीला शासनाच्या मान्यतेसह जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी, ग्रामसभेची संमतीही हवी. बक्षीसपत्र, गहाण, भाडेपट्टा, सगळंच या कलमात येतं. 'आपण साठेखत करू, ९९ वर्षांचा करार करू' म्हणणारा माणूस तुम्हाला संकटात लोटतो आहे, हे मी स्पष्ट लिहितो. असा व्यवहार बेकायदा ठरतो, आणि तोवर इसाराचे पैसे खर्च झालेले असतात. १९४५ च्या वारली उठावाची आठवण अजून जिवंत असलेल्या या भागात जमीन हातातून कशी जाते, ते वेगळं सांगायला नको. हे कलम म्हणजे कटकट नव्हे, कुंपण आहे.

त्यातली एक अट फार कमी लोकांना माहीत असते. त्या गावातला किंवा पाच किलोमीटरच्या आतला कोणी आदिवासी जमीन घ्यायला तयार नाही, अशी खात्री झाल्याशिवाय जिल्हाधिकारी परवानगी देऊ शकत नाहीत.

हे वाचून दाखवलं तेव्हा इतका वेळ उंबऱ्याशी बसलेली धाकटी बहीण पहिल्यांदा बोलली. "मग आपल्या गावात कोणी विचारलं का, दादा?"

भाऊ गप्प राहिला. कोणी विचारलं नव्हतं. पाच किलोमीटरच्या आत कोणकोणते पाडे येतात, ते ती बोटांवर मोजू लागली.