मोचनबंध

मोचनबंध : काम चालू असताना दोन वस्तूंना अथवा प्राणी व अवजार यांना घट्ट जोडून ठेवणारी, परंतु धोक्याच्या वेळी त्यांना तत्काळ विलग करणारी जोडणी.

चंद्रपूर व गडचिरोली (१९८२ पर्यंत एकच जिल्हा) या वनप्रधान भागात भातशेती व बैलगाडी यांसाठी वापरण्यात येणारे जू हे अशा जोडणीचे साधे रूप होय. जुवाच्या टोकाजवळ शिवळ ही खुंटी असते. बैलाच्या मानेखालून घेतलेल्या जुंपणीचा फास तिच्यात अडकवितात. फास काढला की बैल मोकळा होतो. मात्र बैल चिखलात पडल्यास किंवा गाडी कलंडल्यास जुंपणी ताणली जाऊन फास आवळतो व प्रसंगी ती कापावी लागते. म्हणजे मोचनाची निकड असते, नेमके त्याच क्षणी ते अवघड होते. ताण ठराविक मर्यादेपलीकडे जाताच आपोआप सुटणे, ही आधुनिक मोचनबंधामागील मूळ कल्पना आहे.

बर्फावरील खेळांत तिचा विशेष विकास झाला. लांब स्कीला बूट पक्का जखडलेला असल्यास पडताना स्की तरफेप्रमाणे कार्य करते व नडगीचे हाड मोडते. नॉर्वेत जन्मलेले अमेरिकन स्कीपटू यालमार व्हाम यांचा पाय १९३७ मध्ये असाच मोडला. त्यांनी तयार केलेल्या मोचनबंधाला १९३९ मध्ये एकस्व मिळाले. सामान्यतः आजच्या बंधात बुटाचा चवडा पीळ पडल्यास बाजूला व टाच पुढे पडल्यास वर सुटते. स्प्रिंगचा ताण खेळाडूचे वजन, उंची, वय, कौशल्य व बुटाच्या तळव्याची लांबी यांवरून ठरवितात. ताण कमी ठेवल्यास बंध अवेळी सुटून खेळाडू पडतो. जास्त ठेवल्यास सुटतच नाही. या बंधांमुळे नडगीचे अस्थिभंग पुष्कळ घटले; गुडघ्याच्या अस्थिबंधांच्या इजा मात्र त्यांनी पुरेशा टळत नाहीत.

हिमफळीचा (स्नोबोर्डचा) प्रश्न निराळा आहे. तीत दोन्ही पाय एकाच फळीवर आडवे बांधलेले असतात. एकच पाय सुटला, तर फळीचा सारा पीळ दुसऱ्या पायावर येतो. त्यामुळे हिमफळीचे बहुसंख्य बंध पट्ट्यांचे असून ते आपोआप सुटत नाहीत. परंतु हिमलोटात सापडल्यास अथवा झाडाच्या बुंध्याभोवतीच्या भुसभुशीत बर्फात उलटे पडल्यास हीच फळी नांगराप्रमाणे खेळाडूला अडकवून ठेवते आणि श्वास कोंडून मृत्यू ओढवू शकतो. अशा वेळी वाकून पट्टे सोडविणे बहुधा अशक्य असते.

म्हणून अभिकल्पात तीन गोष्टी साधाव्या लागतात : एक पाय सुटताच दुसराही सुटेल अशी यांत्रिक सांगड, हातमोजा घातलेल्या हाताने एकाच ओढीत दोन्ही बंध मोकळे करणारी दोरी, आणि बर्फ गोठून अडकणार नाही अशी रचना. यांशिवाय सुटलेली फळी उतारावरून घसरत जाऊन इतरांना इजा करू नये, यासाठी तिला रोधकही हवा.