छत्तीसगडचा ठेवा: रायपूरच्या संग्रहालयातून सिरपूरकडे

बिलासपूरकडून रस्त्याने येणाऱ्या प्रवाशास रायपूर शहराची पहिली ओळख होते ती भनपुरीच्या औद्योगिक परिसरात. कारखाने, गोदामे आणि मालमोटारींच्या रांगा ओलांडून शहरात शिरताना या भागास दोन हजार वर्षांचा लिखित इतिहास आहे, याची कल्पना सहसा येत नाही. पोलाद, सिमेंट आणि तांदूळ यांसाठी परिचित असलेल्या छत्तीसगडकडे पर्यटकांचे, विशेषतः शेजारच्या महाराष्ट्रातील पर्यटकांचे, लक्ष तुलनेने कमीच गेले आहे.

वास्तविक हा प्रदेश मराठी वाचकांस परका नाही. नागपूरकर भोसल्यांच्या घराण्यातील बिंबाजी यांनी १७५८ ते १७८७ या काळात रतनपूर येथून छत्तीसगडचा कारभार पाहिला. तेथील टेकडीवर त्यांनी बांधलेले राममंदिर ‘रामटेकरी’ या नावाने ओळखले जाते. नागपूरजवळच्या रामटेकची आठवण या नावात सहज जाणवते. पुढे १९५६ पर्यंत नागपूर आणि रायपूर ही दोन्ही शहरे एकाच प्रांतात होती.

रायपूरचे महंत घासीदास स्मारक संग्रहालय हे देशातील जुन्या संग्रहालयांपैकी एक. नांदगाव संस्थानचे अधिपती महंत घासीदास यांच्या देणगीतून १८७५ मध्ये त्याची स्थापना झाली. सध्याच्या इमारतीचे उद्घाटन १९५३ मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. नावामुळे अनेकांचा गैरसमज होतो. सतनामी पंथाचे प्रवर्तक गुरू घासीदास आणि हे वैष्णव महंत या दोन भिन्न व्यक्ती आहेत.

संग्रहालयातील सर्वांत बोलकी वस्तू कदाचित सर्वांत अनाकर्षक दिसणारी आहे. तो आहे किरारी गावचा लाकडी स्तंभ. १९२१ मध्ये दुष्काळामुळे तेथील हिराबांध तलाव आटला आणि गाळ उपसताना हा स्तंभ हाती लागला. त्यावर इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील ब्राह्मी अक्षरे कोरलेली होती. लाकूड शतकानुशतके पाण्यात राहिले म्हणूनच टिकले होते. बाहेर काढल्यावर मात्र ते उन्हाने वाळले, त्यास भेगा पडल्या आणि पापुद्र्यांबरोबर बहुतांश अक्षरेही गळून पडली. सुदैवाने गावातील एका पंडिताने तत्पूर्वी, दिसतील तशी अक्षरे कागदावर उतरवून घेतली होती. त्या नकलेच्या आधारेच विद्वानांना लेख वाचता आला. त्यात राजाची स्तुती नाही. आहेत ती अधिकाऱ्यांची पदनामे: नगररक्षक, सेनापती, प्रतिहार, गणक, भांडागारिक, हत्तीस्वार, घोडेस्वार, एवढेच नव्हे तर राजाच्या पाकशाळेचा अधिकारीही. एका प्राचीन राज्याचा कारभार कसा चालत असे, याचा असा पुरावा भारतात क्वचितच, आणि लाकडावर तर अत्यंत दुर्मीळ आहे.

सिरपूरच्या कांस्यमूर्तींची कथा वेगळी आहे. महानदीकाठच्या या गावात १९३९ मध्ये बौद्ध मूर्तींचा मोठा साठा सापडला. सोन्याचा मुलामा आणि डोळ्यांत चांदीची जडणघडण असलेल्या या मूर्ती ओतकामाच्या भारतीय परंपरेतील उत्कृष्ट नमुने मानल्या जातात. त्यांपैकी काही रायपूरच्या संग्रहालयात पाहता येतात. सिरपूरच्याच घडणीची एक देखणी तारा मात्र आज अमेरिकेत, लॉस एंजेलिस काउंटी कला संग्रहालयात आहे. छत्तीसगडच्या अभ्यासकास आपल्याच भूमीतील ही मूर्ती छायाचित्रात पाहावी लागते.

रायपूरच्या पूर्वेस सुमारे ८० किलोमीटरवर असलेले सिरपूर म्हणजे प्राचीन श्रीपूर, दक्षिण कोसलच्या पांडुवंशी राजांची राजधानी. येथील सातव्या शतकातील विटांचे लक्ष्मण मंदिर नावाने फसवे आहे. ते मुळात विष्णूचे मंदिर. राजा महाशिवगुप्त बालार्जुन याची माता वासटा हिने आपले दिवंगत पती हर्षगुप्त यांच्या स्मरणार्थ ते उभारले. ही माहिती मिळते ती मंदिराच्या ढिगाऱ्यात सापडलेल्या शिलालेखातून. दगडी जोत्यावरील या मंदिराच्या विटा इतक्या बारकाईने बसवून कोरलेल्या आहेत की कित्येक ठिकाणी सांधा शोधावा लागतो. गर्भगृहाच्या दगडी द्वारपट्टीवर शेषशायी विष्णू आणि त्याचे अवतार कोरलेले आहेत.

मंदिरापलीकडचे सिरपूर उजेडात आणण्यात मराठी संशोधकाचा वाटा मोठा आहे. डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी १९५३ ते १९५६ दरम्यान केलेल्या उत्खननात आनंदप्रभ भिक्षूने बांधविलेला विहार आणि स्वस्तिकाकृती मांडणीचा आणखी एक विहार उघडकीस आला. याच सुमारास, १९५५ मध्ये, महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी संपादित केलेला कलचुरी-चेदी संवतातील लेखांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. रतनपूरच्या कलचुरी राजांचा इतिहास सांगताना आजही त्याचाच आधार घेतला जातो.

दीक्षितांनंतर काम दीर्घकाळ थंडावले. २००० मध्ये छत्तीसगड राज्य अस्तित्वात आल्यावर पुरातत्त्वज्ञ अरुण कुमार शर्मा यांच्या मार्गदर्शनाखाली नव्याने खोदकाम झाले आणि सुरंग टिळा हे उंच चौथऱ्यावरील मंदिरसंकुल मातीतून बाहेर आले. त्याच्या दगडी पायऱ्या लाटेसारख्या खालीवर झालेल्या आहेत. भूकंपाने त्या खचल्या असाव्यात, असे काही अभ्यासकांचे मत आहे.

सिरपूरला जाण्यापूर्वी रायपूरच्या संग्रहालयात दोन तास घालविणे श्रेयस्कर, कारण किरारीचा स्तंभ आणि सिरपूरची कांस्ये ही आपल्या मूळ गावी नव्हे, तर तेथे आहेत.