सर्व्हरच्या खोलीतून (भाग 9) : काल काय बदललं?

कर्जत-खालापूर पट्ट्यात सातबारा वाचता न येणारा माणूस विरळा. फार्महाउसच्या व्यवहारांनी इथल्या चहाच्या टपरीवरसुद्धा गट नंबर, पोटहिस्सा, बोजा हे शब्द रुळवून टाकलेत. त्यामुळे आजचा विषय सांगायला फार लांब जावं लागणार नाही.

जमीन विकली, वारस लागले, सोसायटीचं कर्ज चढलं किंवा फिटलं, की आधी गाव नमुना 6 मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, नोंद पडते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 150 प्रमाणे ती चावडीवर लागते, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी 15 दिवस मिळतात. हरकत आली तर प्रकरण वादग्रस्त नोंदींच्या वेगळ्या वहीत जातं. मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद प्रमाणित केली की मगच सातबारा बदलतो. जुनं नाव पुसून टाकत नाहीत. हस्तलिखित उताऱ्यावर त्याला कंस करायचे, हल्लीच्या संगणकीय उताऱ्यावर आडवी रेघ असते. नव्या नमुन्यात ‘प्रलंबित फेरफार’ आणि शेवटच्या फेरफाराचा क्रमांक व दिनांकही छापून येतो. तलाठ्यांच्या कारभाराबद्दल (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) कोणाचं काहीही मत असो, ही पद्धत ज्याने बसवली त्याला नोंद कशाला म्हणतात ते पक्कं कळलं होतं.

संगणक सांभाळणाऱ्या मंडळींकडे बहुतेक ठिकाणी सातबारा असतो, म्हणजे कोणत्या मशीनवर काय चालतं याची यादी. तीही अर्धवट. सहा नंबर मात्र नसतोच.

खालापूरकडचा एखादा मध्यम कारखाना घ्या. संगणकाचं काम तिघांत वाटलेलं: कारखान्यातला एक कर्मचारी, वार्षिक करारावर येणारा हार्डवेअरवाला, आणि पुण्याहून रिमोटने बसणारा ईआरपीचा माणूस. सोमवारी सकाळी वजनकाट्यावरचा प्रिंटर पावती द्यायचं बंद करतो. गेटवर ट्रकांची रांग, ड्रायव्हरांचे हॉर्न, डिस्पॅचवाल्यांचे फोन. काय बदललं, असं विचारलं तर तिघांचं एकच उत्तर: काही नाही. आणि तिघंही आपापल्या परीने खरं बोलत असतात. शनिवारच्या विजांत राउटर गेला म्हणून हार्डवेअरवाल्याने नवा बसवला, तो त्याच्या लेखी ‘बदल’ नव्हताच, दुरुस्ती होती. नवा राउटर मात्र जुन्यापेक्षा मोठ्या टप्प्यातले पत्ते वाटत सुटला, आणि प्रिंटरला कधीकाळी हाताने दिलेला कायमचा पत्ता त्या टप्प्यात आला. सोमवारी अकाउंट्समधला कोणाचा तरी लॅपटॉप सुरू झाला आणि त्याला नेमका तोच पत्ता मिळाला. एका पत्त्यावर दोन बिऱ्हाडं, मग पावती कुठून यायची? राउटर बदलल्याची एक ओळ कुठे लिहिलेली असती तर पाच मिनिटांचं काम होतं. ती नसली की प्रिंटरचं सॉफ्टवेअर दोनदा काढून घातलं जातं, केबल बदलली जाते आणि अर्धा दिवस जातो.

मोठ्या ठिकाणी हाच प्रकार किती महाग पडतो त्याचा नमुना न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात पाहायला मिळाला. नाइट कॅपिटल ही शेअरदलालीतली बडी कंपनी. तिच्या ऑर्डर पाठवणाऱ्या यंत्रणेत आठ सर्व्हर होते. नवा प्रोग्रॅम सातांवर चढवला गेला, आठवा राहिला. त्या आठव्यावर वर्षानुवर्षं न वापरलेला जुना प्रोग्रॅम तसाच पडून होता, आणि नव्या प्रोग्रॅमसाठी जी खूण ठरवली होती तीच त्या जुन्याला जागं करणारी निघाली. 1 ऑगस्ट 2012 ला बाजार उघडताच आठव्या सर्व्हरने भराभर ऑर्डर सोडायला सुरुवात केली. पाऊण तासात 46 कोटी डॉलरहून अधिक नुकसान झालं. त्या पाऊण तासात मंडळींनी केलं काय, तर नवा प्रोग्रॅम बिघडलाय असं समजून तो धड चालणाऱ्या सातही सर्व्हरवरून काढून टाकला. म्हणजे तिथेही जुना जागा झाला आणि आग भडकली. अमेरिकी बाजारनियामकाच्या चौकशीत नोंदलं गेलं, की दुसऱ्या तंत्रज्ञाने हे काम तपासावं असा लेखी नियमच तिथे नव्हता. ‘एक ते सात झाले’ एवढं कोणी लिहिलं असतं तर पुढचा शब्द वाचणाऱ्याच्या तोंडून आपोआप आला असता: आठ?

नोंद आणि प्रत्यक्ष यांची फारकत झाली तर काय होतं, ते रेल्वेने त्याहून भीषण रीतीने पाहिलं. कर्जतसारख्या जंक्शनात, जिथे खोपोलीचा फाटा, पनवेलची लाइन आणि घाट एकत्र येतात, सिग्नलवाला सांध्याला हात लावण्याआधी स्टेशनमास्तरला डिस्कनेक्शन मेमो देतो. त्यावर वेळ आणि सही. काम झालं की चाचणी घेऊन रीकनेक्शनचा मेमो. भारतीय रेल्वेत सगळीकडे हाच नियम आहे. तरीही 2 जून 2023 ला ओडिशात बहानगा बाजार स्टेशनात कोरोमंडल एक्स्प्रेसला मेन लाइनचा हिरवा सिग्नल मिळाला आणि गाडी लूप लाइनवर उभ्या मालगाडीत घुसली. 290 हून अधिक माणसं गेली. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत कारण निघालं ते सर्किटबदलाचं: पूर्वी कधीतरी केलेल्या बदलातली चूक, आणि त्यावर फाटकाचा अडसर बदलताना झालेलं काम. सिग्नलच्या खोक्यातल्या तारांवर लिहिलेली अक्षरं प्रत्यक्ष जोडणीशी जुळत नव्हती, आणि हे वर्षानुवर्षं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. चुकीची नोंद ही नसलेल्या नोंदीपेक्षा वाईट, कारण तिच्यावर माणूस विसंबतो.

आता कोणी म्हणेल, मशीन स्वतःच लॉग ठेवतं की. ठेवतं. कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला 1 एप्रिल 2023 पासून ऑडिट ट्रेल सक्तीचा झाला, त्यामुळे टॅलीतला एडिट लॉग आता प्रत्येक अकाउंटंटच्या ओळखीचा आहे. व्हाउचरमधली रक्कम कोणी, कधी, किती केली ते त्यात येतं. का केली ते येत नाही. लिनक्स सर्व्हरवर सेटिंगच्या फायली गिटमध्ये ठेवून प्रत्येक ओळीतला फरक टिपणारं एटसीकीपर हे साधनही चांगलं आहे, जरूर लावा. पण पोर्ट का उघडलं, किती दिवसांसाठी, कोणाच्या सांगण्यावरून, हे माणसानेच लिहायचं असतं.

नोंद कशी नसावी: ‘नेट दुरुस्त केलं.’ कशी असावी:

‘14 जून, रा. 9:40. गोडाउनचा फायरवॉल. ईआरपीवाल्यांना दुरुस्तीसाठी आत यायचंय म्हणून एक नियम वाढवला, फक्त त्यांच्या ऑफिसच्या पत्त्यापुरता. शनिवारी संध्याकाळी काढायचा, मी काढणार. उलटं फिरवायचं तर: नियम 12 बंद करा, बाकी कशाला हात नको. वजनकाटा आणि बिलिंग चालू असल्याचं पाहिलं.’

यातला ‘मी काढणार’ हा सगळ्यात मोलाचा भाग. आपल्याकडे तात्पुरत्या म्हणून केलेल्या गोष्टी दहा-दहा वर्षं टिकतात. फसलेले प्रयत्नही लिहावेत, नाहीतर पुढच्या महिन्यात दुसरा कोणी त्याच भिंतीवर डोकं आपटतो. पासवर्ड मात्र नोंदवहीत अजिबात नको.

वही कुठे ठेवायची? व्हॉट्सअॅप ग्रुप ही सगळ्यांची पहिली सूचना असते, आणि तीन दिवसांत ती नोंद सुप्रभात आणि वाढदिवसांच्या खाली गाडली जाते. ग्रुपवर कळवा खुशाल, पण नोंद एका जागी. साधी सामायिक स्प्रेडशीट पुरते. ज्या सर्व्हरची नोंद, त्याच सर्व्हरवर ती ठेवू नये हे सांगायलाच हवं. तो बसला की वहीही बसते. आणि पावसाळ्यात इथे वीज आणि नेट जोडीनेच जातात, तेव्हा महिन्याची एक छापील प्रत सर्व्हरच्या कपाटात टाचून ठेवलेली बरी.

वेळेचंही पाहा. अनेक सर्व्हरची घड्याळं जागतिक प्रमाणवेळेवर असतात, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. वहीत सकाळचे 9:40 आणि मशीनच्या लॉगमध्ये पहाटेचे 4:10, ही एकच घटना आहे हे घाईत कळत नाही. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार मशीनची घड्याळं एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायची असतात आणि लॉग 180 दिवस जपायचे असतात. वहीत मात्र भारतीय वेळच लिहा, सगळ्यांनी.

वही मरते ती बहुधा आळसाने नव्हे, साहेबांमुळे. पहिल्याच बिघाडाला नोंद काढून ‘हे तुम्ही केलंत ना?’ असं चारचौघांत विचारलं, की दुसऱ्या दिवसापासून लिहिणारा हात आखडतो. ज्याने लिहिलं त्याला झापायचं आणि ज्याने लिहिलंच नाही तो सुटतो, हा न्याय कोणालाही चटकन कळतो. झापायचंच असेल तर न लिहिणाऱ्याला झापा. बाहेरच्या वेंडरला हे लागू करायचा उपाय माझ्या मते एकच आहे: नोंद झाल्याशिवाय बिलावर सही नाही.

सुरुवात कशी करायची, हा प्रश्न राहतो. मागचं सगळं शोधून काढत बसू नका. पहिली नोंद आजच्या स्थितीची: कोणतं मशीन, काय चालू आहे, कोणते नियम, कोणते पत्ते हाताने दिलेत. ज्याचा उलगडा होत नाही तिथे ‘हे का आहे माहीत नाही, काढू नये’ असं सरळ लिहा. त्यापुढे दुसरी नोंद, जेव्हा काही बदलेल तेव्हा.

पुढच्या आठवड्यात: पासवर्ड वहीत नाहीत, मग ठेवायचे कुठे?